दुसऱ्या दिवशीचा सलाम

वारा सुटला की आम्ही भावंडं पालाचा एकेक बांबू धरून उभी राहायचो आणि आई मधोमध ठेवलेल्या लोखंडी पेटीवर जाऊन बसायची. पेटी काही उडणार नव्हती. पण तिच्यात दादांची सोंगं होती आणि आईचा वाऱ्यावर भरवसा नव्हता. वर तिच्याच जुन्या लुगड्यांचं छत, खाली पाटोद्याच्या बाजारतळामागची मुरमाड जमीन. चूल रोज पेटायचीच असं नाही. दादांनी फेरीत आणलेले भाकरीचे तुकडे असायचे. कुणाच्या घरची ज्वारी, कुणाच्या घरची बाजरी, एखादा तुकडा सणाच्या पोळीचा. आई ते सगळं एका पातेल्यात भिजवायची आणि मिरचीची फोडणी द्यायची. पोळीच्या तुकड्यावरून आमची मारामारी व्हायची. हे सांगताना मला लाज वाटत नाही. तेच खाऊन आम्ही वाढलो.

दादा म्हणजे माझे वडील. ते बहुरूपी. आमच्याकडे आम्हाला रायरंद म्हणतात. गावात वेष घेऊन जायचं, लोकांना घटकाभर घाबरवायचं आणि मग हसवायचं, हा आमचा पिढीजात धंदा. दादा कधी तलाठी व्हायचे, कधी जंगलखात्याचे गार्ड, कधी मीटर बघणारे. पण त्यांचं खरं सोंग फौजदाराचं. बाजारातून घेतलेला जुना खाकी ड्रेस, छातीवर पदकं म्हणून सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, पट्ट्याला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं बक्कल. अंगणात शिरले की शिट्टी मारायचे.

“घरात कोण हाय? तुमच्या कोंबड्यानं पहाटं सरकारची परवानगी न घेता बांग दिली. कोंबडा हजर करा, न्हाईतर घरधनी आत!”

म्हातारी बाई घाबरून म्हणायची, “साहेब, कोंबडा तर पावण्याला कापला की.”

“म्हंजे पुरावा नष्ट केला! कलम वाढलं!”

तोवर कुणाचं तरी लक्ष झाकणांकडे जायचं. अख्खी गल्ली हसायची. दादा मात्र हसत नसत. गल्ली हसत असेपर्यंत ते छाती काढून उभे राहायचे आणि मग शांतपणे निघून यायचे.

धंद्याचे नियम होते आणि दादा ते देवाच्या नेमासारखे पाळायचे. पहिला नियम, सोंगात एक खोट ठेवायची. मला ते समजावून सांगायचे, “पुरं सोंग म्हंजे फसवणूक, माय. बघणाऱ्याला पकडायला कायतरी ठिवावं लागतंय. त्यानं पकडलं की तो हसतो. तो हसला की सोंग फिटलं.” दुसरा नियम, सोंग केलं त्या दिवशी काही मागायचं नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या साध्या कपड्यांत त्याच दारात जायचं, सलाम ठोकायचा आणि सांगायचं, “कालचा फौजदार मीच.” मग लोक धान्य द्यायचे, जुनं धोतर द्यायचे. सलाम घरातल्या प्रत्येकाला ठोकायचा. मालकाला ठोकायचा तसाच शेण काढणाऱ्या गड्यालाही. तिसरा नियम गावांचा. आमच्या जमातीत गावं वाटून घेतलेली असतात. एकाच्या गावात दुसऱ्याने सोंग घेऊन जायचं नाही. दादा अभिमानाने म्हणायचे, “ही गावं आपली.”

मी शाळेत गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, “तुझं गाव कोणतं गं?” मी दादांच्या फेरीतली सगळी गावं एका दमात म्हणून दाखवली. मास्तर पोट धरून हसले. “एवढ्या गावांची मालकीण, आणि पायात चप्पल नाही?” मला राग आला होता. मला खरंच ती आमची वाटायची.

त्यातलं सगळ्यात मोठं गाव गेवराईच्या बाजूला, गंगेच्या काठी. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथले एक मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणातले. दादा त्यांना मालक म्हणायचे, मीही तसंच म्हणते. मालकांना दादांचं सोंग फार आवडायचं. बंगल्यासमोर शिट्टी वाजली की स्वतः बाहेर येऊन दोन्ही हात पुढे करायचे.

“या फौजदार! आज कोणतं कलम?”

“मालक, तुमच्या म्हशीनं सरकारी रस्त्यावर शेण टाकलंय.”

“मग म्हशीला बेड्या घाला, मी जामीन राहतो!”

एकदा नारायणगडाच्या जत्रेत त्यांनी दादांना हाताला धरून जीपच्या पायरीवर चढवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, “हा आमच्या गावचा कलावंत.” दादा घरी आले ते वेगळ्याच चालीत. आईला किती वेळा सांगितलं असेल. “आमच्या गावचा म्हणले. आमच्या.” मी बारावी झाले, कॉलेजात जायचं म्हणाले, तेव्हा भावकीतले लोक लग्नाचं काढून बसले होते. दादा मला घेऊन मालकांकडे गेले. मालक म्हणाले, “शिकव पोरीला. काही अडलं तर मी बसलोय.” त्या शब्दावर दादांनी मला गेवराईच्या कॉलेजात घातलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मालकांनी दादांना बोलावून घेतलं. लग्नकार्यात अशी बोलावणी यायचीच. व्याह्याची गंमत करायची असली की रायरंदाला सांगायचं, तो फौजदार होऊन वऱ्हाडात शिरतो. मालक म्हणाले, “नदीवर एका वाळू ठेकेदाराचं काम चालू आहे. माझा दोस्त आहे. त्याची जरा गंमत करायची. दुपारी सोंग कर, संध्याकाळी सगळे बसून हसू.”

या वेळी सगळं मालकांनीच दिलं. कडक इस्त्रीची खाकी, खांद्यावर चकचकीत तारे, टोपी, चामड्याचा पट्टा, वर जीप. आणि म्हणाले, “ती झाकणं काढ. आज नीट दिस.”

दादांनी सवयीने नव्या खाकीला लावलेली झाकणं काढली. पण घरी परतून आईजवळ देताना म्हणाले, “खोट ठिवल्याबिगर कसं जाऊ?” मालक बूट द्यायचे विसरले होते की दादांनी मागितले नाहीत, मला तेव्हा कळलं नाही. दादा आपली टायरची चप्पल घालून जीपमध्ये बसले.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. जीप नदीत उतरली. दादांनी उतरून शिट्टी मारली, वाळूवर कलमं लावायला सुरुवात केली. ट्रॅक्टरवाले, मजूर, सगळे पळत सुटले. कुणी हसलं नाही. दादा छाती काढून उभे राहिले आणि वाट बघत राहिले की आता कुणीतरी मागे वळेल, आता कुणीतरी पायाकडे बघेल. नदीचं पात्र रिकामं झालं. मग मागून मालकांची माणसं आली आणि उभे ट्रॅक्टर, भरलेली वाळू, सगळं घेऊन गेली. नेताना ती माणसं हसत होती. दादांनी विचारलं, “ठेकेदार कुठंय? हसायचं व्हतं ना?” एकजण म्हणाला, “हसू की. तू जा आता.”

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने गाव सोडलं असतं. आमच्या आईनेही सांगितलं, की अहो, काहीतरी बिघडलंय, चार दिवस फेरी नको. दादा म्हणाले, “सोंग फिटलं न्हाई. आन् दुसऱ्या दिवशी जायचं न्हाई, म्हंजे मी कोन झालो मग?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर, सदरा, मुंडासं अशा आपल्या कपड्यांत नदीवर गेले. ठेकेदाराची माणसं जमली होती. दादांनी एकेकाला सलाम ठोकला आणि सांगितलं, “कालचा फौजदार मीच.”

त्यांना किती मारलं ते मी लिहिणार नाही. कुणीतरी मोबाइलवर सगळं काढत होतं. दुपारी पोलीस त्यांना घेऊन गेले. तोतया पोलीस बनून लोकांना धमकावलं, माल लुटायला मदत केली, असा गुन्हा.

मी आणि आई ठाण्यात पोचलो तेव्हा दादा भिंतीला टेकून बसले होते. एक डोळा सुजून बंद झालेला. मला बघून म्हणाले, “घाबरू नगं माय. मालकाला बोलावलंय. ते आले की सांगतील.”

मालक आले. पांढरे कपडे, मागे माणसं. ठाण्याच्या साहेबांनी खुर्ची दिली. दादा उठले, भिंतीला धरून सरळ उभे राहिले आणि सलाम ठोकला.

साहेबांनी विचारलं, “हा म्हणतो तुम्हीच त्याला पाठवलं. ओळखता का याला?”

मालकांनी दादांकडे नीट पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला अजून वाटत होतं की हे आता दोन्ही हात पुढे करतील आणि म्हणतील, या फौजदार.

“असे मागते रोज दारावर येतात साहेब,” ते म्हणाले. “कुणाकुणाला ओळखायचं?”

आई एकदम पुढे झाली. “मालक, आवो, जत्रंत तुमी ह्यांना जीपवर चढिवलं व्हतं! आमच्या गावचा म्हणलता!”

“नाव सांगा बघू याचं मला,” मालक तिच्याकडे न बघता साहेबांना म्हणाले. “मला याचं नावसुद्धा माहीत नाही.”

ते खरं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी दादांचं नाव कधी विचारलंच नव्हतं.

मालक गेल्यावर दादा खाली बसले आणि मला म्हणाले, “पानी दे.” एवढंच.

मारहाणीचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. तोतया फौजदार पकडला, असं वर लिहिलेलं. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर तो वाजत होता आणि मी पुढे बसून ऐकत होते. पण जे लागलं ते वेगळंच. फेरीतल्या गावांचे जे मोबाइल ग्रुप होते, त्यांवरही तो फिरला. दादांना आजोबांच्या काळापासून ओळखणारी माणसं त्याखाली हसरी तोंडं टाकत होती. एकानेही लिहिलं नाही की अरे, हा आपला रायरंद आहे.

कायदेशीर मदतीतून एक वकील मिळाले. त्यांनी दादांना जामिनावर सोडवलं आणि मला स्पष्ट सांगितलं, “पोरी, तुझे वडील बहुरूपी आहेत हे आपण म्हणून चालत नाही. गावातलं कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं. एक माणूस आण.”

एक माणूस. मला वाटलं, काय अवघड आहे? आमची तर एवढी गावं.

मी फिरले. दर वर्षी नव्या ज्वारीचं पहिलं सूप दादांच्या झोळीत ओतणारी एक आजी होती. तिने मला जवळ बसवलं, चहा दिला, दादांसाठी रडली. कोर्टाचं नाव काढल्यावर म्हणाली, “मालकाच्या इरोधात? माझा नातू त्याच्याकडं ड्रायव्हर हाय, लेकी. माझं नाव नगं घालू.” एका गावच्या पोलीस पाटलाने तर ओळखच दाखवली नाही, आणि त्याच्याच अंगणात मी लहानपणी दादांच्या शिट्टीवर टाळ्या पिटल्या होत्या. दुसरीकडे पारावरची पोरं म्हणाली, “आली बघा फौजदाराची पोरगी. चला, सलाम ठोका बे!” त्यातल्या एकाने ठोकलाही. मी मान खाली घातली नाही. तिथेच उभी राहिले, त्यांच्याकडे बघत, आणि मग पुढच्या गावाची गाडी धरली.

त्याच दिवसांत कॉलेजात नाटकाच्या तासाला सरांनी अमेरिकेतल्या जुन्या काळ्या कलावंतांबद्दल सांगितलं. गुलामी संपून फार काळ झाला नव्हता, तेव्हा गोऱ्यांच्या रंगमंचावर उभे राहिलेले ते पहिले नट. स्वतः काळे, तरी जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ मोठे रंगवून त्यांना नाचावं लागे, कारण गोऱ्या लोकांना काळा माणूस तसाच बघायचा असे. लोक टाळ्या वाजवत, आणि खेळ संपल्यावर त्याच नटाला त्यांच्या हॉटेलात पाऊल टाकू देत नसत. शनिवारी पालावर गेल्यावर मी दादांना ते सगळं सांगितलं. ते बाजेवर पडून होते. फेरी बंद होती. खाकी ड्रेस, जुना आणि नवा, दोन्ही पोलिसांनी जप्त केले होते. ऐकता ऐकता उठून बसले.

“तोंड काळंच व्हतं, तर मग परत काळं कावून फासलं?”

“लोकांना तसंच हसायचं होतं दादा.”

“म्हंजे खोट ठिवायला जागाच न्हाई दिली त्यास्नी.” बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली. “अन् दुसऱ्या दिवशी जायचे का ते? आपल्या तोंडानं?”

“कुठं?”

“ज्यांनी टाळ्या वाजिवल्या त्यांच्या दारात.”

मी सांगितलं की मला माहीत नाही. दादा म्हणाले, “गेले असतील. गेल्याबिगर माणसाला झोप येत न्हाई.” आणि पुन्हा आडवे झाले. चप्पल मुद्दाम का ठेवली, मालकांनी ओळख नाकारली ते किती लागलं, हे जे ते माझ्याशी एवढ्या दिवसांत बोलले नव्हते, ते मला त्या बोलण्यातून कळलं.

शेवटी माणूस मिळाला तो आमच्या कुठल्याच गावचा नव्हता. त्या दिवशी नदीतून पळालेला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर. ट्रॅक्टर गेला म्हणून ठेकेदाराने त्याला काढून टाकलं होतं आणि तो बायकोसोबत ऊसतोडीला गेला होता. टोळी परत आल्यावर मी केसच्या कागदांतल्या नावावरून त्याच्या घरी गेले. तो अंगणात कोयत्याची मूठ बसवत होता. मी कोण ते सांगितलं. वाटलं, हा आता हाकलणार. आमच्या दादांमुळेच त्याचं काम गेलं होतं.

तो म्हणाला, “ताई, तुमच्या बापानं मला सलाम ठोकला.”

“हो. ती आमची रीत आहे.”

“रीत असंल. पर ठेकेदाराला ठोकला तसाच मला ठोकला. माझ्या अख्ख्या जन्मात मला कुनी सलाम ठोकला न्हाई.” त्याने मूठ ठोकून बघितली. “तारीख कधी हाय?”

त्याची बायको आतून ओरडली, “लोकाच्या भानगडीत कशाला पडता?” तो म्हणाला, “तुला ठोकलाय का कुनी सलाम? मग गप बस.”

कोर्टात तो धुतलेला सदरा घालून आला. मालकांचा एक माणूस मागच्या बाकावर येऊन बसला होता, तो ड्रायव्हरला दिसेल अशा जागी. ड्रायव्हरने त्याला पाहिलं आणि नजर न काढता उभा राहिला.

सरकारी वकिलांनी विचारलं, “तुम्ही आरोपीला बघून पळालात ना?”

“पळालो की. ट्रॅक्टर टाकून पळालो.”

“म्हणजे तो तुम्हाला खरा फौजदार वाटला.”

“पळताना चप्पल बघितली साहेब. टायरची. मनात आलं, ह्यो कसला फौजदार? पर पाय निघालते, त्यास्नी थांबिवता येईना.”

कोर्टात हशा पिकला. कारकून हसला, शिपाई हसला, न्यायाधीश मॅडमनी मान खाली घालून कागद चाळले. मी दादांकडे पाहिलं. ते आरोपीच्या जागी छाती काढून उभे होते, अगदी अंगणात उभे राहायचे तसे, आणि हसत नव्हते.

मॅडमनी विचारलं, “दुसऱ्या दिवशी काय झालं?”

“ह्यो माणूस धोतरात आला. आमा सगळ्याला सलाम ठोकला अन् म्हणला, कालचा फौजदार मीच. मला हसूच फुटलं. मी हसतोय तवर बाकीच्यांनी धरला त्याला.” तो थांबला, मग मॅडमकडे बघून म्हणाला, “फसवायला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कशाला येईल, बाई? आपल्याच तोंडानं सांगाया?”

दादांचा हात आपोआप सलामासाठी कपाळाशी गेला.

मालकांना काहीही झालं नाही. दादांना पाठवलं कुणी, गाडी कुणाची, खाकी कुणाची, हे कोर्टात सिद्ध झालं नाही, आणि मालक मागच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले. कोर्टाच्या निकालानंतर काही दिवसांनी त्यांचा माणूस पालावर आला होता. म्हणाला, “मालकाचा वाढदिवस हाय. झालं गेलं सोडून द्या. फौजदाराचं सोंग घेऊन या म्हणलेत.”

आईने त्याच्या पुढ्यात पाणीसुद्धा ठेवलं नाही. दादांनी आईकडून सोड्याची झाकणं मागून घेतली होती आणि ती पुसत बसले होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, “ते गाव आता माझ्या फेरीत न्हाई.”

आमच्या जमातीत गाव कुणी सोडत नाही. पोरीच्या लग्नात देतात, भावाला वाटून देतात, पण सोडत नाहीत. त्या माणसाला ते कळलं नसावं. “मग दुसरं कोन बघावं?” असं पुटपुटत तो निघून गेला.

दादा निर्दोष सुटले. निकालात त्यांचं पूर्ण नाव आहे आणि पुढे धंदा लिहिला आहे, बहुरूपी, लोककलावंत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. आमच्या पालांवरून पदवी घेतलेली मी पहिली.